घरी जाताना

मेडिसिन शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या काळात ज्या एका गोष्टीसाठी मी सर्वांत जास्त हट्ट धरला, तिला अभ्यासक्रमात जागा नव्हती आणि परीक्षेत गुण नव्हते. ती गोष्ट म्हणजे डिस्चार्ज कार्ड. माझ्या युनिटमधून गेलेल्या कुणालाही विचारा. आम्ही मिळून सोडवलेली अवघड निदानं त्याला आठवतील न आठवतील, पण दुपारी परत बोलावून पुन्हा लिहायला लावलेलं कार्ड नक्की आठवेल.

कुठल्याही मोठ्या रुग्णालयात रुग्ण दाखल होतो तेव्हा सगळा वॉर्ड त्याच्याभोवती असतो. ईसीजी, रक्ताचे नमुने, एक्स-रे, रजिस्ट्रार, लेक्चरर. निदान लागेपर्यंत तो सगळ्यांचा असतो. ताप उतरला, धाप थांबली की लक्ष शेजारच्या खाटेकडे जातं, आणि ते जायलाच हवं, कारण तिथे आता दुसऱ्या कुणाला तरी धाप लागलेली असते. मग सुट्टीचा दिवस येतो. कार्ड लिहायला बसतो तो युनिटमधला सर्वांत नवा, रात्रभर जागलेला मुलगा. त्याच्यासमोर केसपेपरांची चळत आणि दारात पिशव्या भरून उभे असलेले नातेवाईक. तो गोळ्यांची इंग्रजी नावं लिहितो, पुढे बीडी, टीडीएस, एचएस आणि शेवटी ‘फॉलोअप एसओएस’. म्हणजे गरज वाटली तर या. गरज कधी वाटावी, हे मात्र त्या कार्डावर कुठेच नसतं.

मी बी. जे. मेडिकल कॉलेजला आले सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. वडील जुन्नर तालुक्यात प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्या गावात एखाद्याला ‘ससूनला नेला’ असं कुणी सांगितलं की बायका हातातलं काम थांबवत. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभी राहिलेली ती दगडी इमारत, तिच्या आवारातलं १९४६ पासूनचं आमचं कॉलेज, आणि दोन्हींपासून चालत गाठता येईल असं पुणे स्टेशन व तिथला एसटी स्टँड. दौंडहून गाडीने, भोर-वेल्ह्याहून एसटीने, नगर-सोलापूरकडून रात्रभराचा प्रवास करून माणसं येत. पहाटे वसतिगृहातून वॉर्डाकडे जाताना गाठोडी घेऊन येणारी ही माणसं मला ओळखीची वाटायची. त्यांचं बोलणं माझ्या घरातलं होतं.

आम्ही शिकलो ते रुग्णाच्या खाटेशी उभं राहून. विल्यम ऑस्लर यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या खोलीतून उठवून वॉर्डात आणलं, ती परंपरा आमच्या शिक्षकांनी जिवापाड सांभाळली होती. आधी बघायचं, मग हात लावायचा, मग बोटांनी वाजवून ऐकायचं, आणि स्टेथोस्कोप सगळ्यांत शेवटी. सोनोग्राफी, इको हे शब्दही तेव्हा वॉर्डात क्वचित कानी पडत. त्यामुळे कान आणि बोटं तयार करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेली एक मुलगी आमच्या पोस्टिंगच्या वेळी वॉर्डात होती. पंधरा-सोळा वर्षांची, दगडखाणीवर काम करणाऱ्यांची. तिला डाव्या कुशीवर वळवायचं, स्टेथोस्कोपची बेल हृदयाच्या टोकाशी हलकेच टेकवायची, श्वास सोडून थांबायला सांगायचं. मग दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत खोल, घुमणारी गुरगुर कानावर येते. मायट्रल स्टेनोसिसचा तो मर्मर ऐकू आला त्या दिवशी मी खरी डॉक्टर व्हायला लागले, असं मी अजून मानते. आम्ही दहा-बारा जण रांगेत उभे होतो आणि ती मुलगी प्रत्येकासाठी न कुरकुरता कुशीवर वळत होती.

सर्वांचं ऐकून झाल्यावर आमच्या सरांनी निदान विचारलं, आम्ही सांगितलं, ते खूश झाले. मग त्यांनी तिच्या आईला विचारलं, ‘‘मावशी, तुमच्या गावात सुई कोण टोचतं?’’ बाईंना प्रश्न कळला नाही. सरांनी पुन्हा विचारलं, सावकाश. गावात नर्स येते का, कुठल्या वारी येते, दवाखाना किती लांब. कारण त्या मुलीला बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी, पुढे कित्येक वर्षं घ्यायचं होतं. एकेक इंजेक्शन चुकलं की घसा दुखणार, ताप येणार आणि झडप आणखी खराब होणार. आम्ही मर्मरची तीव्रता किती ते लिहून घेत होतो. सर कागदावर एकवीस-एकवीस दिवसांनी येणाऱ्या तारखा लिहीत होते, त्याही मराठी महिन्यांच्या आणि सणांच्या आधाराने, कारण बाईंना कॅलेंडर वाचता येत नव्हतं. नागपंचमीच्या आधीचा सोमवार. गणपती बसल्यावर चौथ्या दिवशी. मर्मर मला तेव्हाच समजला होता. त्या तारखांचं मोल मी स्वतः युनिट चालवायला लागल्यावर, पेनिसिलिन चुकवून दुसऱ्यांदा दाखल झालेली मुलं बघितल्यावर समजलं.

ससूनमध्ये एक खोली जपून ठेवली आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन तिथे झालं. कर्नल मॅडॉक यांनी ते केलं, मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ते पुरं झालं. नव्या बॅचला ही हकिकत सांगताना मी पुढचा भाग मुद्दाम सांगे. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली, तरी ते आणखी काही आठवडे रुग्णालयातच राहिले आणि मग जुहूला समुद्रकाठच्या एका बंगल्यात विश्रांतीसाठी गेले. जखम भरायला वेळ, अन्न आणि सेवा लागते, हे तेव्हाच्या डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. आज ऑपरेशन झालेला खाणमजूर कुठे जातो? पत्र्याच्या खोलीत, आणि दहाव्या दिवशी पाटी उचलायला. त्याला ‘सहा आठवडे जड उचलू नका’ असं लिहून देण्याआधी त्याची मजुरी कोण भरून काढणार हे विचारावं लागतं. उत्तर आपल्याकडे नसतंच बहुतेक वेळा. तरी विचारलं तर निदान एवढं कळतं, की मुकादमाला दाखवायला चिठ्ठी हवी, किंवा त्याची बहीण चाकणला असते आणि तिच्याकडे पंधरा दिवस राहता येईल. वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकांकडून आणि मावशी-मामांकडून मी हे विचारायला शिकले. कुणाला न्यायला कोण येणार आणि कुणाला न्यायला कुणीच येणार नाही, हे मावशींना आमच्या आधी माहीत असे.

क्षयरोगाने हे सगळं सर्वांत कठोरपणे शिकवलं. पुण्याला या रोगाची जुनी ओळख आहे. फिलाडेल्फियाहून १८८६ मध्ये डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तेव्हा औषधच नव्हतं. आमच्या पिढीला औषधं मिळाली, तरी माणसं जात राहिली, कारण औषध महिनोन्‌महिने घ्यायचं होतं आणि ते घ्यायचं होतं घरी. मद्रासच्या केंद्रात पन्नासच्या दशकात झालेल्या अभ्यासाने दाखवून दिलं होतं की घरी राहून नीट औषध घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि घरच्यांना धोकाही वाढत नाही. १९५९ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभरची सॅनेटोरियमं ओस पडायला लागली. भारतातल्या गरीब वस्त्यांमधून जगाला मिळालेलं हे ज्ञान आहे, आणि आपल्याच विद्यार्थ्यांना ते अभिमानाने सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. पण त्या अभ्यासातला ‘नीट औषध घेणारा’ हा रुग्ण आपोआप तयार होत नसतो.

रिफॅम्पिसिन सुरू केल्यावर लघवी नारिंगी-लाल होते. डॉक्टरला ही क्षुल्लक बाब वाटते. रुग्णाला वाटतं रक्त जातंय, गोळ्या अंगाला लागत नाहीत, आणि तो त्या बंद करतो. असे रुग्ण मी पाहिले आहेत. काही औषधाला न जुमानणारा क्षय घेऊन परत आले. एक वाक्य आधी सांगितलं असतं तर ते थांबले नसते. त्यानंतर माझ्या युनिटमध्ये नियम झाला: टीबीचं औषध सुरू करणाऱ्या हाऊसमनने लघवीच्या रंगाबद्दल सांगायचं, आणि रुग्णाने ते त्याला परत सांगायचं. ‘समजलं का?’ असं विचारायला मी बंदी केली. ‘समजलं का’ विचारल्यावर आपल्याकडे माणूस ‘हो’च म्हणतो, डॉक्टरपुढे नाही म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. त्याऐवजी विचारायचं, ‘‘काका, घरी गेल्यावर काकूंना काय सांगाल?’’ मग जे बाहेर येतं ते ऐकून चांगले हुशार विद्यार्थी गप्प होत.

इन्सुलिनचं शिकवणं मला सर्वांत आवडायचं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं आणि मरणाच्या दारातली मुलं जगू लागली, ही हकिकत विद्यार्थ्यांना पाठ असते. पण आपल्या बाजारात मिळणारी साधी बाटली मिलिलीटरला चाळीस युनिटची असते आणि पेनमधलं इन्सुलिन शंभर युनिटचं, म्हणून सिरिंजही दोन प्रकारच्या येतात, लाल टोपणाची चाळिसाची आणि नारिंगी टोपणाची शंभराची, हे ज्याला सांगता येत नाही त्याने इन्सुलिन लिहूच नये, असं माझं मत होतं आणि आहे. चाळिसाच्या बाटलीतून नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये विसाच्या रेघेपर्यंत औषध ओढलं तर अंगात जातात फक्त आठ युनिट. साखर वाढते, डॉक्टर डोस वाढवतो, आणि मग एक दिवस दुकानदार योग्य सिरिंज देतो. त्या दिवशी रुग्ण बेशुद्ध होतो. आता सिरिंजवरच्या त्या रेघा सत्तरीच्या बाईंना दिसतात का? मोतिबिंदू आहे का? टोचणार कोण, सून की नातू? नातू शाळेला कधी जातो? हे विचारून झाल्याशिवाय ‘इन्सुलिन सकाळी वीस, रात्री दहा’ या ओळीला काही अर्थ नाही.

आणि ठेवायचं कुठे? एका पोस्टग्रॅज्युएट मुलाने कार्डावर लिहिलं होतं, ‘फ्रिजमध्ये ठेवा’. रुग्ण मुळशीकडच्या धनगरवाड्यावरचा. मी त्या मुलाला रुग्णाशेजारी स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, ‘‘यांच्या घराचं वर्णन ऐक आणि मला सांग.’’ घरात फ्रिज नव्हता, पण माठ होता. एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीला. बाटली पाण्यात बुडू द्यायची नाही. उन्हाळ्यातसुद्धा चालू बाटली यात चांगली राहते. त्या मुलाने हे स्वतःच्या हाताने चित्र काढून कार्डामागे दिलं. तो आज मराठवाड्यात स्वतःचं रुग्णालय चालवतो, आणि मडक्याचं छापील चित्र त्याच्या ओपीडीत भिंतीवर आहे.

उपवासांचं काय करायचं, हे कुठलंच इंग्रजी पुस्तक सांगत नाही. चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. काही जणी दिवसभर पाण्यावर राहतात आणि इन्सुलिन मात्र इमानाने घेतात. संध्याकाळी घाम फुटून चक्कर येऊन पडतात. काहींची गत एकादशी आणि दुप्पट खाशी अशी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू, आणि दुसऱ्या दिवशी साखर चारशेवर. ‘उपवास करू नका’ असं सांगून काम होत नाही, बाई करणारच असते, फक्त तुम्हाला सांगणं बंद करते. म्हणून आम्ही कार्डावर उपवासाच्या दिवशीचा वेगळा डोस आणि वेगळं खाणं लिहीत असू.

वारीचं तर आणखी वेगळं. जूनच्या सुमारास ओपीडीत पायाला जखम असलेले, साखर न आवरणारे आजोबा हटकून विचारत, ‘‘बाई, माउलीबरोबर जाऊ का?’’ आळंदी ते पंढरपूर जवळजवळ तीन आठवड्यांची वाट. नव्या मुलांचं उत्तर तयार असे: अजिबात नाही. पायावर उघडी जखम असेल तर मीही नाहीच म्हणे, आणि वाखरीपर्यंत गाडीने जाऊन तिथून दर्शनाला जा म्हणून सांगे. पण जखम नसेल, फक्त पाय बधिर असतील, तर मी मुलांना म्हणे, याला कसं जाता येईल ते लिही. नव्या चपला वारीत घालायच्या नाहीत, महिनाभर आधीपासून वापरायच्या. अनवाणी एक पाऊलही नाही, फुगडी आणि रिंगणालासुद्धा. रात्री मुक्कामाला तळपाय आरशात बघायचे किंवा शेजाऱ्याला दाखवायचे. इन्सुलिनची डबी दिंडीच्या ट्रकमध्ये टपाखाली न ठेवता पाण्याच्या पिंपाजवळ ठेवायची. खिशात साखरेची पुडी. पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा येऊन पाय दाखवून जायचं. काही जण खरोखर येत, टाळ खांद्याला अडकवून.

एचआयव्हीच्या काळात कार्डावर काय लिहू नये, हे शिकावं लागलं. नव्वदच्या दशकात पुणे या साथीच्या तोंडाशी होतं. भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली ती काही उगाच नव्हे. आमच्याकडे तेव्हा देण्यासारखं फार थोडं होतं. २००१ मध्ये एका भारतीय कंपनीने एचआयव्हीच्या औषधांची किंमत एकदम खाली आणली आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून ती मोफत मिळायला लागली. गोळ्या रोज, ठरलेल्या वेळी, जन्मभर. तरुण विधवा बायका येत. नवरा याच आजाराने गेलेला, सासरच्या घरात एका खोलीत सात माणसं. ती गोळ्या कुठे ठेवणार? कार्ड आपल्याकडे कुठे राहतं, ते मला माहीत होतं: देवाच्या तसबिरीमागे किंवा टीव्हीखाली, जिथे घरातल्या कुणालाही ते सापडतं. म्हणून निदानाचा शब्द कार्डावर येऊ द्यायचा नाही, आणि गोळ्यांची बाटली बदलून कुठल्या डब्यात ठेवायची हे तिच्याबरोबर बसून ठरवायचं. एकीने मेथीदाण्याच्या डब्यात ठेवल्या. ती अजून आहे. मुलगी पदवीधर झाली म्हणून पेढे घेऊन आली होती.

एकदा दुसरीकडून एक गृहस्थ आमच्याकडे आले, कुठून ते सांगण्याचं कारण नाही. तोंडात फोड, ताप, पांढऱ्या पेशी धोक्याच्या खाली. सांध्यांसाठी मेथोट्रेक्सेट चालू होतं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध. ते रोज घेत होते, कारण कार्डावरचं इंग्रजी लघुरूप त्यांच्या मुलाने, आणि मग गावच्या दुकानदारानेही, रोज असं वाचलं. फोलिनिक ॲसिड, अँटिबायोटिक, वेगळी खोली; ते वाचले. मी ते कार्ड वर्गात दाखवलं, नाव झाकून. त्यात वैद्यकीयदृष्ट्या एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि ते माणसाचा जीव घेऊ शकलं असतं. तेव्हापासून आमच्याकडे हे औषध लिहायचं तर मराठीत, वाराच्या नावासकट: ‘फक्त रविवारी. इतर दिवशी नाही.’

रुग्ण घरी गेल्यावर त्याचं काय, हा विचार पुण्यात माझ्या कितीतरी आधी, आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर, एका बाईंनी केला होता. डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात आल्या तेव्हा ते चाळीस खाटांचं प्रसूतिगृह होतं. त्यांनी ते शेकडो खाटांचं रुग्णालय केलं. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी पुण्याने त्यांचं नाव घेतलं असतं. पण खेड्यातून शेवटच्या घटकेला येणाऱ्या बायका बघून त्या सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढूला गेल्या. तिथल्या सरकारी केंद्राशी हातमिळवणी केली, गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. शहरातल्या रुग्णालयाचा हात रुग्णाच्या दारापर्यंत पोहोचला. १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना या कामासाठी मिळाला. वढूला मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले आहे. चौथीपर्यंत शिकलेली एक सेविका गरोदर बाईला लोहाच्या गोळीबद्दल सांगत होती: शौचाला काळं होईल, घाबरू नको; चहाबरोबर घेऊ नको; मळमळलं तर जेवून घे, पण सोडू नको. माझी एम.डी.ची मुलं वहीत उतरवून घेत होती. इतका चांगला धडा मला कधी घेता आला नाही.

मग २०२० चा मार्च. महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. ससूनची अकरा मजली नवी इमारत एप्रिलमध्ये कोविडसाठी सुरू झाली. माझ्या नोकरीची ती शेवटशेवटची वर्षं. पीपीई किटमध्ये चेहरा दिसत नाही, म्हणून मुलं छातीवर मार्करने स्वतःचं नाव मराठीत लिहीत. रुग्णाला कुणाशी बोलतोय हे कळावं म्हणून. त्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला सांगायचंय ते ८ मे २०२० च्या नव्या नियमाबद्दल. सौम्य लक्षणांच्या रुग्णाला दहा दिवसांनी, तीन दिवस ताप नसेल तर, पुन्हा तपासणी न करता घरी सोडायचं, असं ठरलं. शास्त्राला धरून होतं. पण रुग्ण पेठेतल्या वाड्यात परतला की जिन्यातच शेजारी विचारत, ‘‘निगेटिव्ह रिपोर्ट कुठाय?’’ एका रिक्षावाल्याला सार्वजनिक नळावर पाणी भरू देईनात. त्याने फोन केला तेव्हा आमची रेसिडेंट मुलगी फोनवरून वाड्यातल्या लोकांशी बोलली, स्पीकर लावून, अर्धा तास. मग तिने एका कागदावर साध्या मराठीत लिहिलं: या व्यक्तीपासून आता संसर्गाचा धोका नाही, पुन्हा तपासणी करण्याची गरज नाही, का नाही ते चार ओळींत, खाली सही, शिक्का आणि वॉर्डाचा फोन नंबर. हा कागद ती पुढे प्रत्येकाबरोबर द्यायला लागली. ती विद्यार्थिनी माझी, पण हे तिला मी शिकवलं नव्हतं.

आता अभ्यासक्रमही बदललाय. २०१९ च्या बॅचपासून रुग्णाशी बोलणं, नीती, वागणूक यांचे तास एमबीबीएसमध्ये आले, आणि त्यानंतर विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन शिक्षण संपेपर्यंत त्यांच्याकडे जात राहायचं, असाही नियम झाला. काही जुने सहकारी याला वेळेचा अपव्यय म्हणतात. मला तसं वाटत नाही. चूल कुठल्या कोपऱ्यात आहे आणि पाणी किती लांबून येतं हे बघून आलेला विद्यार्थी दम्याच्या बाईला ‘धूर टाळा’ असं सहज लिहून मोकळा होणार नाही. फक्त या तासांना परीक्षेत खरं वजन मिळायला हवं. लाँग केस मांडून झाल्यावर परीक्षकाने विचारावं, ‘हा उद्या घरी चाललाय, आमच्यासमोर त्याला समजावून सांग.’ माझ्या युनिटच्या अंतर्गत परीक्षेत मी हे करत असे. सुवर्णपदक मिळवणारी मुलं तिथे अडखळत, आणि मागच्या बाकावरचा, आजोळी बैलगाडीतून दवाखान्यात गेलेला एखादा मुलगा सुरेख बोलून जाई.

निवृत्तीनंतर काही इंटर्न मुलांबरोबर दर आठवड्याला बसते. संगणकावर निघणाऱ्या इंग्रजी सारांशाला जोडायला मराठीत एक-एक पान तयार करायचं काम आहे: दम्याचं, क्षयाचं, इन्सुलिनचं. सध्या हृदय कमजोर झालेल्या रुग्णाच्या पानावर अडलोय, आणि अडलोय मिठापाशी. ‘मीठ कमी खा’ याचा उपयोग शून्य. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. पण मीठ भाजीत सगळ्यांचं एकत्र पडतं. एका मुलीने हिशेब काढला: पाच माणसांच्या घरात किलोचा पुडा चाळीस दिवस पुरायला हवा. वीस दिवसांत संपत असेल तर दुप्पट जातंय. हे आम्ही पानावर पहिल्या ओळीत घेतलं. अलिबागच्या मुलाने सुकट आणि जवळा घातले, सोलापूरच्या मुलीने शेंगांची चटणी, मी खारातली मिरची. लोणच्यावर एकमत होत नाही. मुलं म्हणतात, सरळ ‘बंद’ लिहा. मी म्हणते, बंद लिहिलं तर तो महिन्याभरात चोरून खाईल आणि आपल्याला सांगणार नाही. त्यापेक्षा पर्याय लिहा, लिंबाची फोड, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लसूण, कोकम, आणि सणाला एक फोड लोणचं. येत्या गुरुवारी वॉर्डातल्या रुग्णांना आणि त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बायकांनाच विचारायचं ठरलंय, आणि त्या सांगतील तसं ते पान होईल.